गॅस ओव्हनचा पायलट पेटवताना: आधी ज्योत, मग गॅस

गोव्यातल्या पुष्कळ घरांत गॅस ओव्हन वर्षातले बरेच महिने कपाटाचंच काम करतो. आत केकचे साचे, जुने तवे, बिस्किटांचे रिकामे डबे, कधी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कालचे पाव. नाताळ जवळ आला, बोलिन्हांचं, म्हणजे रवा-नारळाच्या बिस्किटांचं, पीठ मळून झालं की ओव्हनची आठवण होते. सर्वांत जास्त सांभाळायची वेळ हीच. म्हणून पहिलं काम काडी शोधण्याचं नाही, ओव्हन रिकामा करण्याचं. जाळ्या आणि ट्रे बाहेर काढा, खालचा खण असेल तर तोही ओढून मोकळा करा.

धोका कुठे असतो

घरगुती सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, खाली साचतो. ओव्हनचा बर्नर तळपत्र्याच्या खाली असतो आणि त्या कप्प्यात जेमतेम काही लिटर हवा मावते. हवेत गॅसचं प्रमाण साधारण २ टक्के झालं की मिश्रण पेट घेऊ शकतं, सुमारे साडेनऊ टक्क्यांच्या वर गेलं की पेटायला हवा कमी पडते. या दोन आकड्यांच्या मध्ये ठिणगी पडली की भडका.

आता हिशोब करा. अडीच किलोवॅटचा ओव्हन बर्नर तासाला १८० ते २०० ग्रॅम गॅस जाळतो, म्हणजे मिनिटाला अंदाजे दीड लिटर. साठ लिटरच्या अख्ख्या ओव्हनमध्ये २ टक्के व्हायला पाऊण मिनिट पुरतं. तळपत्र्याखालच्या कप्प्याला तर काही सेकंदच लागतात. नॉब उघडून मग काडी शोधणारा माणूस नकळत हेच मिश्रण तयार करत असतो. या लेखातल्या बाकी सगळ्या सूचना या एका गोष्टीतून निघतात: पेटती ज्योत भोकाशी आधी पोचली पाहिजे, गॅस तिच्या मागून आला पाहिजे.

आपला ओव्हन कुठल्या जातीचा

पायलट म्हणजे मोठा बर्नर पेटवणारी छोटी ज्योत. बोलण्यात आपण सगळ्यालाच ‘पायलट’ म्हणतो, पण पेटवायच्या पद्धती वेगळ्या आहेत. चुकीची पद्धत वापरली तर ओव्हन पेटत नाही आणि गॅस मात्र साचतो.

भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक कुकिंग रेंजमध्ये कायम जळणारी ज्योत नसतेच. तळपत्र्यात पुढच्या बाजूला, बहुधा मधोमध, बोट जाईल एवढं भोक असतं. त्यातून खालच्या बर्नरला ज्योत द्यायची, नॉब दाबून धरायचा, ज्योत टिकली की सोडायचा. बर्नरच्या कडेला पेन्सिलीपेक्षा बारीक, तांब्याच्या नळीला जोडलेलं एक धातूचं टोक दिसेल. ते थर्मोकपल. त्याला ज्योतीची धग लागली की २० ते ३० मिलिव्होल्ट इतका बारीक वीजदाब तयार होतो आणि तेवढ्यावर आतली चुंबकाची झडप उघडी राहते. ज्योत विझली, टोक थंड झालं, की झडप आपोआप पडते.

दुसरी जात म्हणजे कायम पायलटवाला ओव्हन. परदेशातून सामानाबरोबर आणलेल्या जुन्या रेंजमध्ये हा भेटतो. बर्नरच्या मागे किंवा बाजूला बोटाच्या पेराएवढी छोटी ज्योत सतत जळते आणि नॉब फिरवला की मोठा बर्नर तिच्यावरून पेट घेतो.

तिसऱ्या जातीत बर्नरजवळ विजेवर तापून लाल होणारी कांडी असते. ती तापल्याशिवाय गॅसची झडप उघडतच नाही. वीज गेली की हा ओव्हन बंद, काडीने पेटवायचा खटाटोप करू नका. चट्‌चट् ठिणगी टाकणारा ओव्हन मात्र निर्मात्याने भोक ठेवलं असेल तर हाताने पेटवता येतो. पुस्तिका हरवली असेल तर दाराच्या आतल्या चौकटीवर किंवा मागच्या पत्र्यावर चिकटवलेली पट्टी वाचा. मॉडेलचा क्रमांक, गॅसचा प्रकार आणि दाब तिथे लिहिलेला असतो.

परदेशी ओव्हनच्या बाबतीत ही पट्टी वाचणं टाळू नकाच. तो पाइपच्या नैसर्गिक गॅससाठी बनवलेला असेल तर त्याच्या जेटची, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या पितळी तोटीची, भोकं मोठी असतात. तसाच सिलिंडरला जोडला तर लांब, पिवळी, काजळी धरणारी ज्योत येते. गोव्यात काही भागांत आता पाइपचा गॅस आला आहे, तिथे प्रकार उलटा: सिलिंडरचे बारीक जेट राहिले तर ज्योत अगदीच लहान पडते. दोन्हीकडे उपाय एकच, त्या गॅसचे जेट बसवून घेणे, आणि तेही गॅस कंपनीच्या किंवा ओव्हनच्या माणसाकडून. ड्रिलने भोक वाढवणं किंवा कमी करायला काहीतरी ठोकणं हा उपाय नव्हे. घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलिबार दाब देतो. भटारखान्यातल्या मोठ्या सिलिंडरचा जास्त दाबाचा रेग्युलेटर घरच्या ओव्हनला लावू नये.

काडी ओढण्याआधी

स्वयंपाकघरात शिरताच वास घ्या. उभ्याने नव्हे, वाकून, ओव्हनच्या तळाशी आणि सिलिंडरच्या बुडाशी. (पाइपचा गॅस हलका, त्याचा वास वरच्या बाजूला घ्यावा.) वास आला तर काडी नाही, दिव्याचं बटण नाही, पंखा नाही, एक्झॉस्टही नाही. चालू असलेलं बंदसुद्धा करू नका, ठिणगी दोन्ही वेळा पडू शकते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, घरातल्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावर १९०६ वर फोन लावा. गॅसगळतीचा हा क्रमांक चोवीस तास चालतो.

वास नसेल तर पुढे चला. छताचा पंखा बंद करा, नाहीतर ज्योत हेलकावे खाईल. खिडकी उघडी असू द्या, पण पावसाळ्यात पश्चिमेचा वारा थेट ओव्हनवर येत असेल तर ती लोटून दुसऱ्या बाजूची उघडा. नळी पाहा. जाळी असलेली, आयएसआय शिक्क्याची, दीड मीटरपर्यंतची, आणि तिच्यावर छापलेल्या तारखेपासून पाच वर्षांच्या आतली. ओव्हनच्या पाठीमागून गरम हवा बाहेर पडते, नळी तिथून जाता कामा नये. समुद्राजवळच्या घरांत नळीवरचे क्लिप गंजून सैल होतात. दोन्ही टोकांना साबणाचं पाणी लावा, रेग्युलेटर उघडा, फुगे येतात का बघा. काडीने गळती तपासणारे लोक आजही आहेत, त्यांच्यावर काही लिहिण्यासारखं नाही.

सिलिंडर नुकताच बदलला असेल तर आधी वरची एक शेगडी पेटवा आणि अर्धा मिनिट जळू द्या. नळीत शिरलेली हवा तिथून निघून जाते. हे केलं नाही तर ओव्हनच्या भोकाशी काडी धरून बसावं लागतं, काडी संपते आणि नेमका त्याच क्षणी गॅस पोचतो.

काडी कुठली? रोजचा चट्‌चट् लायटर इथे कामाचा नाही. त्याची ठिणगी गॅसमध्येच पडावी लागते, म्हणजे आधी गॅस आणि मग ठिणगी, नेमका उलटा क्रम. लांब नळीचा, ज्योत देणारा लायटर सगळ्यांत बरा. तो नसेल तर लांब काड्यांची आगपेटी. अगदी काहीच हाताशी नसेल तर माडाच्या झाडूचा कोरडा हीर चालतो. हातभर लांबीचा घ्या आणि आडवा धरा, टोक खाली केलंत तर बोटांकडे जळत येतो. उदबत्ती नको, तिच्या निखाऱ्यावर गॅस पेटेलच याचा भरवसा नाही. मेणबत्तीही नको, मेण भोकातून बर्नरवर सांडतं.

पेटवणं

दार पूर्ण उघडा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. ओव्हनसमोर न बसता बाजूला बसा, म्हणजे हात आत जाईल पण चेहरा दाराच्या चौकटीबाहेर राहील. केस बांधलेले, ओढणी खोचलेली, अंगावर सुती कपडे. रेग्युलेटर उघडा, ओव्हनचा नॉब बंदच.

आता लायटर पेटवा आणि ज्योत तळपत्र्याच्या भोकाशी न्या. ज्योत भोकात थोडी खाली उतरली पाहिजे, वर अधांतरी राहिली तर उपयोग नाही. ती स्थिर झाली की दुसऱ्या हाताने नॉब दाबा आणि सर्वांत मोठ्या खुणेवर फिरवा. दोन-तीन सेकंदांत ‘फुस्स’ असा हलका आवाज होऊन बर्नर पेटतो. लायटर बाहेर काढा, पण नॉब दाबून धरा. मनात पंधरापर्यंत मोजा. नॉब हळूच सोडा.

पाच सेकंदांत पेटला नाही तर नॉब बंद. परत परत प्रयत्न नको. अनेक पुस्तिकांत दुसऱ्या प्रयत्नाआधी किमान एक मिनिट थांबायला सांगितलेलं असतं. आम्ही सिलिंडरच्या गॅससाठी पाच मिनिटं धरतो, कारण जड गॅस तळपत्र्याखाली आणि खालच्या खणात बसून राहतो. त्या पाच मिनिटांत दार उघडं ठेवून पुठ्ठ्याने खालून वारा घाला, मग पुन्हा वास घ्या. वाफ जाते तसा हा गॅस आपोआप वर जाईल, या समजुतीवर राहू नका.

पेटल्यावर भोकातून आणि कडेच्या फटींतून बर्नरकडे नजर टाका. ज्योत बर्नरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग हवी, निळी, टोकाला किंचित पिवळसर असली तरी चालेल. अर्धाच बर्नर पेटला असेल तर बंद करा. उरलेल्या भोकांतून येणारा गॅस उशिरा पेट घेतो आणि ‘भप्प’ असा दणका बसतो. सगळं ठीक असेल तर दार सावकाश लावा. धाडकन आपटलेल्या दाराच्या वाऱ्याने ज्योत विझते. दहा मिनिटांनी नॉब सर्वांत लहान खुणेवर आणून ज्योत टिकते का तेही पाहून घ्या.

सुरुवातीला काचेवर पाण्याचे थेंब येतात, त्याची काळजी नको. गॅस जळताना वाफ तयार होते, ती गार काचेवर बसते. बरेच महिने बंद असलेला ओव्हन खिडक्या उघड्या ठेवून वीस मिनिटं रिकामाच मोठ्या आचेवर चालवा. नाहीतर जुन्या तुपाचा आणि झुरळांचा वास थेट केकमध्ये उतरतो.

कायम पायलटवाल्या ओव्हनची गोष्ट वेगळी

इथे नॉबची दिशा पुस्तिकेत किंवा पॅनेलवर असते: बंद, पायलट, चालू. दार उघडून, पाच मिनिटं थांबून, ज्योत पायलटच्या टोकाशी न्यायची. मग नॉब पायलटच्या खुणेवर दाबायचा आणि छोटी ज्योत लागल्यावर अर्धा मिनिट दाबून धरायचा. सोडल्यावर ज्योत राहिली तरच नॉब पुढे फिरवायचा. मोठा बर्नर लगेच पेटत नाही, काही ओव्हनमध्ये सुरक्षा झडप तापून उघडायला मिनिटभर लागतो. म्हणून कान आत घालून ऐकू नका.

आपल्याकडे या ओव्हनची खरी अडचण आपल्या चांगल्या सवयीतच आहे. रात्री झोपताना रेग्युलेटर बंद करायचा, हे प्रत्येक घरात शिकवलेलं असतं आणि ते योग्यच आहे. पण त्याबरोबर पायलट विझतो. सकाळी चहासाठी रेग्युलेटर उघडला की, पायलटला सुरक्षा झडप नसेल तर, त्या बारीक टोकातून न जळलेला गॅस हळूहळू बाहेर येत राहतो. जुन्या अमेरिकन रेंजच्या वरच्या शेगड्यांच्या पायलटना अशी झडप बहुधा नसते. तुमच्याकडे असा ओव्हन असेल तर पायलटच्या नळीवर वेगळी चावी बसवून घ्या आणि वापर नसताना ती बंद ठेवा. पायलटच्या उबेत पावाचं पीठ किंवा सान्नांचं (इडलीसारख्या गोव्याच्या पदार्थाचं) वाटण छान फुगतं, हे खरं. तेवढ्यासाठी ज्योत दिवसरात्र जाळणं मात्र महागात पडतं. आणि पातेलं आत आहे हे विसरून कुणी बर्नर पेटवला तर सान्नांऐवजी वेगळंच काहीतरी हाती येतं.

नॉब सोडला की विझतो

सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. आधी वीस सेकंद दाबून धरून पाहा, थंड ओव्हनला थोडा जास्त वेळ लागतो. तरीही विझत असेल तर रेग्युलेटर बंद करून, सगळं थंड झाल्यावर थर्मोकपलचं टोक पाहा. त्याच्यावर काजळी किंवा खारट हवेचा पांढरा-हिरवा थर असेल तर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने पुसा. टोक ज्योतीतच असायला हवं. ट्रे ओढताना ते वाकून बाजूला जातं आणि मग ज्योत दिसते पण धग लागत नाही. वाकलं असेल तर बोटांनी सावकाश जागेवर आणा, तांब्याच्या नळीला घडी पडू देऊ नका. दुसऱ्या टोकाचा नट झडपेला हाताने घट्ट आणि वर पाव वळसा एवढाच आवळायचा असतो. पान्याने पिळला तर आतला संपर्क चेपतो.

झडप खरोखर काम करते का, हेही तपासता येतं. ओव्हन पाच मिनिटं चालू द्या. नॉब तसाच ठेवून रेग्युलेटर बंद करा. ज्योत विझेल. आता नॉबजवळ कान देऊन थांबा, मिनिटभरात ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. ती झडप पडली. नॉब बंद करा. दीड मिनिटानंतरही आवाज आला नाही तर एक तर ओव्हनला झडपच नाही किंवा ती अडकली आहे. अडकलेली असेल तर दुरुस्त होईपर्यंत ओव्हन वापरू नका.

दार लावल्यावर विझत असेल तर ओव्हनची मागची झरोक्याची जागा पाहा. भिंतीला चिकटवून ठेवलेला ओव्हन गुदमरतो. दुसरं कारण आपणच घातलेलं असतं: तूप सांडू नये म्हणून तळपत्र्यावर अंथरलेला ॲल्युमिनियमचा कागद. तो भोकं झाकतो, बर्नरला हवा मिळत नाही, ज्योत पिवळी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, आधी फक्त डोकं जड होतं. कागद घालायचाच तर साच्याखालच्या ट्रेवर घाला, तळाला नाही. याच कारणासाठी पावसाळ्यात न वाळलेले कपडे वाळवायला ओव्हन पेटवून दार उघडं ठेवू नये.

ज्योत पिवळी आणि भांड्याला काजळी, तर हवा कमी. ज्योत बर्नरपासून उचललेली आणि घोंघावणारी, तर हवा जास्त. हवेची चकती मेकॅनिककडून लावून घ्या. निळ्या ज्योतीत मधूनच केशरी चमक येत असेल आणि काजळी नसेल तर बहुधा हवेतलं मीठ आणि धूळ जळते आहे. किनाऱ्यालगतच्या घरांत हे रोजचंच.

बंद घरातला ओव्हन

मालक मुंबईला किंवा आखातात, आणि घर चवथीला आणि नाताळालाच उघडतं, अशी घरं गावोगावी आहेत. त्यांतल्या ओव्हनचा मुख्य शत्रू गंज नाही, कुंभारीण माशी. जेटचं भोक आणि बर्नरच्या नळीचं तोंड तिला मातीचं घर बांधायला अगदी मापाचं वाटतं. कोळीही आत जाळं करतो. गॅस मग बर्नरऐवजी मागे, हवेच्या फटीतून बाहेर येतो आणि पॅनेलच्या मागे पेटतो. म्हणून सहा महिन्यांनी उघडलेल्या घरात पहिल्यांदा पेटवण्याआधी तळपत्रा काढा. तो बहुधा दोन स्क्रूवर असतो. बर्नर बाहेर घ्या, उलटा करून ठोका, कोरड्या टूथब्रशने भोकं झाडा, नळीतून बाटली घासायचा बारीक ब्रश फिरवा. धुतलात तर उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. जेटमध्ये सुई किंवा स्टोव्हची पिन घालू नका. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि ज्योत कायमची बिघडते. फुंकर किंवा सायकलच्या पंपाची हवा पुरते. तेवढ्याने मोकळं झालं नाही तर नवा जेट घ्या, महाग नसतो.

नॉब कडक झाला असेल तर खोबरेल तेल सोडण्याचा मोह आवरा. तेल आत सुकून चिकट होतं आणि झडपेचं ग्रीस धुऊन जातं. झडप उघडून गॅसचं खास ग्रीस लावणं हे मेकॅनिकचं काम. ठिणगी पडत नसेल आणि पावसाळी हवा असेल तर गॅस बंद ठेवून ठिणगीच्या पांढऱ्या खोडाला कोरड्या फडक्याने पुसा. ओलाव्यामुळे ठिणगी टोकावर न पडता खोडावरून घसरते.

बेबिंक, म्हणजे थरावर थर भाजून केलेला गोव्याचा केक, करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. त्याला आच वरून लागते, म्हणजे ग्रिलचा वरचा बर्नर. तोही याच क्रमाने पेटवायचा: ज्योत आधी, नॉब नंतर, पंधरापर्यंत मोजणं. बहुतेक रेंजमध्ये वरचा आणि खालचा बर्नर एकाच नॉबवर असतात, एका वेळी एकच चालतो. ग्रिल चालू असताना दार बंद ठेवायचं की अर्धं उघडं, हे मॉडेलवर अवलंबून असतं. अर्धं उघडं ठेवायला सांगितलं असेल तर नॉबवर आडवा बसवायचा पत्रा ओव्हनबरोबर आलेला असतो. तो लावला नाही तर तासाभरात नॉबचं प्लास्टिक वितळतं. प्रत्येक थराला दार उघडबंद होतं, तेव्हा दर वेळी ज्योतीकडे एक नजर जाऊ द्या.

थर्मोकपल बदलायची वेळ आली तर जुनं काढून दुकानात घेऊन जा. नळीची लांबी, नटाचे आटे आणि टोकाची जाडी या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. थोडी लांब नळी चालते, मोठा वळसा देऊन बसवता येते. आखूड चालत नाही.